देवाच्या डब्यातलं तूप

माझ्या सासऱ्यांच्या देवभक्तीचं कौतुक करता ना, मग हेही ऐका. सदर बाजारात त्यांचं तुपाचं दुकान होतं. लढाईमुळे तूप महागलेलं, आणि मी नवा जावई म्हणून गादीवर बसलेलो. नेहमीची एक गिऱ्हाईक बाई आली.

"अर्धा शेर द्या, शेठ. उद्या रामटेकले जाऊन राहिली. रामापुढं दिवा लावाचा आहे."

सासऱ्यांनी मापातलं तूप परत डब्यात ओतलं. "थांब वं बाई. देवासाठी यातलं नको नेऊ, यात वनस्पती तूप मिसळलं आहे. देवाशी बेइमानी आपण नाही करत." आणि ते आतून दुसरा डबा घेऊन आले.

बाई त्या डब्याकडे पाहतच राहिली. "मंग माह्या लेकराइले आजवर कोणतं देलं, शेठ?"

बाई तूप न घेताच गेली.

दुपारी सासूबाई माझ्या भातावर तूप वाढायला आल्या. मी नुसतं सासऱ्यांकडे पाहिलं, तर ते घाईघाईनं म्हणाले, "घ्या, जावईबापू. तुमच्यासाठी देवाच्याच डब्यातलं आहे."

देवाच्या पंक्तीला बसवलं होतं मला, आणि मान काही वर होईना.