कानाला बटणं, पोटाला सहा आठवडे

सन्माननीय अध्यक्ष आप्पासो, व्यासपीठावरची थोर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण सांगलीच्या विश्रामबागेतल्या या सभागृहात जमलो ते आपले सर्जन डॉक्टर मगदूमसाहेब, दवाखान्यातल्या सिस्टर, आणि समोर बसलेल्या माता-भगिनी व बंधूंनो,

मी नाथाजी. वडूजला हायस्कुलात कवायत शिकवतो आणि संध्याकाळी तालमीत वस्ताद असतो. रुग्णांच्या वतीनं दोन शब्द बोला, असं पत्र मला आलं. आता मी काही या दवाखान्यात रुग्ण म्हणून कधी आलो नाही. रुग्ण होता माझा पठ्ठ्या जोतीराम, तो तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसलाय. पण बोलायला उभा मी, असं का, ते मलाही नीट उमगलेलं नाही. आमच्या मराठीच्या मास्तरांनी छान भाषण लिहून दिलंय, ते खिशात आहे. पण आज सकाळी इथं मी एक कागद पाहिला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. काय आधी सांगावं, काय मागून, कळेना. तेव्हा सुचेल तसं बोलतो.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. जोतीराम तेव्हा बावीस वर्षांचा. एकाएकी त्याचं जेवण तुटलं. चार घासांत पोट भरायचं, मग उलटी. बरगड्यांखाली नारळाएवढा गोळा हाताला लागायचा. तालमीत सगळ्या दुखण्यांवर आमचा एकच इलाज, तेल लावा आणि रगडा. मी स्वतः पाच दिवस त्याचं पोट रगडलं. (हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला होता, साहेबांना आठवत असेल.) गोळा काही हटेना. शेवटी त्याची आई रंगूबाई म्हणाली, "आवं वस्ताद, आता सांगलीला न्या त्याला." तिघंही एस.टी.नं आलो.

डॉक्टर पोट तपासत होते आणि त्यांची नजर गेली कानावर. डावा कान वरच्या बाजूला पाण्यानं टम्म फुगला होता. मंडळी, कान मोडल्याशिवाय पैलवान झाला असं आम्ही मानत नाही. कान फुगला की तालमीत पेढे वाटतात. आणि या साहेबांनी त्याच दुपारी त्यातलं पाणी काढलं, वर पुन्हा साठू नये म्हणून कानाच्या दोन्ही अंगांना शर्टाची दोन बटणं टाक्यांनी घट्ट बसवली. पोटासाठी मात्र पांढरं औषध पाजून फोटो काढला. गोळ्यानं जठर पुढं ढकललंय, हे त्यात दिसलं. म्हणाले, "सहा आठवडे थांबायचं. कुणी पोटाला हात लावायचा नाही."

मी चक्रावलो. ज्या कानाचं कौतुक करायचं त्याला टाके, आणि ज्या गोळ्यापायी माणूस जेवेना त्याला सहा आठवड्यांची मुदत? मी तोंडावर विचारलं, "सायेब, कापायला भ्याला का काय?"

रागावले नाहीत. म्हणाले, "वस्ताद, या गाठीला स्वतःचं अस्तर नसतं. आत स्वादुपिंडाला इजा झाली, त्याचा रस बाहेर झिरपला आणि आजूबाजूच्या अवयवांनी त्याला घेरलंय. आज टाका घातला तर ओल्या भिंतीत खिळा ठोकल्यासारखं होईल. भिंत जून होऊ द्या, मग जठरात वाट काढून देतो. कानाचं तसं नाही, तिथं थांबलो तर कान आखडून जाईल."

कळलं का मला? निम्मं. आजही निम्मंच कळतं.

पण अध्यक्षमहाराज, मुख्य गोष्ट राहिलीच. त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "पोटाला मार लागला होता का?" उत्तर मी दिलं. "न्हाई." मग त्यांनी जोतीरामला विचारलं, "दारू घेतोस?" कारण असा गोळा मारानं होतो, नाहीतर बहुतेक दारूनं. जोतीरामनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तो म्हणाला, "व्हय. कवातरी."

रंगूबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिचा नवरा दारूनंच गेलेला.

सातव्या आठवड्यात ऑपरेशन झालं, उत्तम झालं. जोतीराम भाकरी खायला लागला. कुस्ती सुटली, आता तो साखर कारखान्यात नोकरीला आहे. पण गेली चार वर्षं तो संध्याकाळी घरी आला की रंगूबाई जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेते. विचारत काही नाही. तोही दारात थांबतो आणि वास घेऊ देतो.

आज सकाळी तारखा बघायला म्हणून मी दवाखान्याच्या ऑफिसातून जोतीरामचा जुना केसपेपर काढवला. मनात असं, की साहेब जायच्या आत त्यातला दारूचा शब्द खोडून घ्यावा. इंग्रजी मला येत नाही, कारकुनांनी मराठीत वाचून दाखवला. "पोटावर मार, बहुधा गुडघ्याचा. दारू घेतो म्हणतो, खरं वाटत नाही. सोबतचे गृहस्थ सांगत नाहीत." पहिल्याच दिवसाची तारीख.

डॉक्टरसाहेब, ठाऊक होतं तर बोलला का नाही? साहेब मान हलवताहेत, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला समजत नाही.

कागद तर बरोबर निघाला. मग आता खोडायचं कुठं? रंगूबाईच्या मनातलं साहेबांना कापून काढता येणार नाही. ते तिथं मी ठेवलं, काढायचंही मीच.

तर ऐका. दुखणं सुरू व्हायच्या महिनाभर आधी जोतीरामनं मला, त्याच्या वस्तादाला, तालमीच्या हौद्यात, तांबड्या मातीत, पोरांदेखत चीत केलं. पोरं हसली. पुढच्या पकडीत मी त्याच्या पोटात गुडघा घातला. चुकून नव्हे, रागानं. हौद्यातली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा आमच्या तालमीचा नेम. तो त्यानं पाळला आणि मी त्याच्याआड लपलो. त्या लपण्याची मला लाज वाटते.

रंगूबाई, तुमच्या पोरानं दारूला कधी हात लावला न्हाई. आज घरी गेल्यावर त्याचा वास घिऊ नगा.

डॉक्टरसाहेबांना दीर्घायुष्य लाभो. अध्यक्षांचे आणि संयोजकांचे आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं ते पदरात घ्यावं. बाकीची माफी इथून, माईकवरून मागण्यासारखी नाही, म्हणून मी खाली तिसऱ्या रांगेत येतो. जोतीराम, मी आलो की उठून पाया पडायची तुझी सवय हाय. आज बसून ऱ्हा.