मापाच्या वेळी पोट आत ओढलं

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या दवाखान्याच्या ट्रस्टचे आधारस्तंभ माननीय दादासाहेब, व्यासपीठावरची सगळी थोर मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते डॉक्टर इंद्रजित भापकर, त्यांच्या सौभाग्यवती, सिस्टर मंडळी, वॉर्डातले सगळे कर्मचारी, आणि बारामती-इंदापूरच्या गावागावांतून आलेले माझ्यासारखे वाचलेले पेशंट! निमगाव केतकीच्या सिकंदर मुलाणी टेलरचा आपणा सर्वांना सलाम आणि नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आता शिंप्याची पाच मिनिटं म्हणजे किती, हे ज्यांनी लग्नाचा कोट माझ्याकडं शिवायला टाकला त्यांना विचारा. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ असं लोक उगाच म्हणत नाहीत. तरी लवकर आवरतो.

माझी कंबर दुखायची. मशीनवर वाकून वाकून दुखत असेल म्हणून मी अंगावर काढलं. शेवटी बायको सबिनानं धरून इथं आणलं, आणि सोनोग्राफीत भलतंच निघालं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी, जिला डॉक्टर महाधमनी म्हणतात, ती फुगली होती. सायकलची ट्यूब एका जागी विरली की तिथं फुगा धरतो ना, तसं. तो फुगा फुटला तर गावाहून इथं बारामतीला पोचेपर्यंतसुद्धा मी टिकणार नव्हतो.

अशा धमनीच्या आतून कापडाची नळी बसवतात, म्हणजे रक्त नळीतून वाहतं आणि फुग्यावरचा ताण जातो. पण माझा फुगा नेमका तिथं, जिथून मूत्रपिंडांना आणि आतड्यांना फाटे फुटतात. साधी नळी बसवली तर सगळे फाटे बंद. पोट उघडावं, तर माझं हृदय आधीच अधू. कंपनी मापाची नळी करून देते, पण त्याला महिने लागतात, आणि फुगा तेवढा थांबेल याची खात्री कोण देणार? तेव्हा इंद्रजित सर म्हणाले, तयार नळी घेतो आणि तुमच्या मापानं तिला मीच भोकं पाडतो.

मंडळी, यावर मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? कापड कुठलं? सर म्हणाले, पॉलिस्टर. ज्या पॉलिस्टरचे मी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, ते आता माझ्या पोटात जाणार होतं. दुसरा प्रश्न विचारला, ट्रायल कधी? सर म्हणाले, “ट्रायल नाही, सिकंदरभाई. एकदाच.”

मग सहीची वेळ आली आणि मी हात मागे घेतला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा भ्याला. भ्यालो होतोच, पण कारण वेगळं होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती. त्याचं असं आहे, कमरेला टेप लावला की प्रत्येक माणूस पोट आत ओढतो. पुढारी असो नाहीतर पैलवान. म्हणून आम्ही लगेच माप वाचत नाही. गिऱ्हाइकाला पाऊसपाणी विचारतो, ऊस कुठल्या कारखान्याला घातला विचारतो. बोलता बोलता पोट सैल पडलं की मग टेप वाचतो. आणि इथं मापासाठीच्या सीटी स्कॅनच्या मशीननं ‘श्वास रोखा’ म्हटल्याबरोबर मी, जन्मभर दुसऱ्यांची पोटं ओळखणारा माणूस, स्वतः पोट आत ओढून बसलो होतो! माप खोटं, म्हणजे भोकं चुकणार आणि मूत्रपिंडं जाणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

सबिनानं विचारलं, “खरं सांगा, भ्याला व्हय?” तिला सांगितलं. ती वाद घालत बसली नाही, सरळ सरांपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सायेब, ह्यांनी मापाच्या टायमाला पोट आत वढलं हाय.”

भोवतीच्या तरुण डॉक्टरांनी तोंडावर हात धरले. इंद्रजित सर हसले नाहीत. खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसले. म्हणाले, धमनी मणक्याला टेकलेली असते, ती पोटाबरोबर आत जात नाही. पण श्वासानं फाटे थोडे हलतात, तेव्हा तुमची शंका अगदीच खोटी नाही, आणि तो हिशेब मी धरलेला आहे. तरी आपण पुन्हा मोजू. आणि लॅपटॉप माझ्या मांडीजवळ ठेवून त्यांनी एकेक माप माझ्यादेखत पुन्हा घेतलं. फरक निघाला नाही. मी विचारलं, आणि चुकलं तर? ते म्हणाले, “तर माझा हात चुकला, हे मी सबिनाताईंना स्वतः सांगेन.” मी सही केली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, मी भुलीत होतो. मेहरीन सिस्टर सांगतात, सरांनी टेबलावर नळी उघडली, खुणा केल्या, आणि तापलेल्या बारीक टोकानं भोकं पाडली, म्हणजे कापडाचे धागे सुटत नाहीत. प्रत्येक भोकाला तारेची कडी लावून ती हातानं टाचली. मग सगळं पुन्हा घडी करून बोटापेक्षा बारीक अशा दुसऱ्या नळीत भरलं आणि जांघेतून वर चढवलं. आत, वाहत्या रक्तात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, प्रत्येक फाट्यासमोर त्याचं भोक आणलं! मंडळी, मी उजेडात, चष्मा लावून, बटणासमोर काजं आणतो तरी कधी कधी चुकतो. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि आत्ता सांगतानाही येतोय.

बाहेर सबिनाला कुणीतरी सांगितलं होतं, लघवी झाली की समजायचं मूत्रपिंडं जगली. ती काचेतून त्या पिशवीकडं बघत राहिली. पिशवीत पिवळं पाणी उतरलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडली. एवढं सुख तिला आमच्या लग्नातसुद्धा झालं नसेल.

सर आता सोलापूरला नवे डॉक्टर घडवायला निघालेत. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण असे हात अजून तयार व्हायला हवेत, म्हणून अडवत नाही.

सर, एकच सांगायचं राहिलं. आमच्यात माणूस जातो तेव्हा त्याला बिनशिवलेल्या कापडात गुंडाळतात. राजा असो की शिंपी, अंगावर एक टाका नसतो. मीही तसाच जाईन. पण माझ्या आत तुमच्या हातचे टाके असतील, आणि वर विचारलं गेलं, तर हे काम कुणाचं, ते मी नाव घेऊन सांगेन.

दादासाहेब, मला इथं उभं केलंत, आभारी आहे. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दलही. अडाणी माणूस आहे, बोलण्यात कमी-जास्त झालं असेल ते पोटात घाला. खुदा हाफिज, सर. सुखानं जा.