डोंगरावर तपासून मिळतील

दादा : ...आणि दारावर ही असली पाटी! 'डोंगरावर निघालो आहोत, गुरुवारी या.' अहो जावईबापू, याला दुकान म्हणतात?

बूटवाला : म्हणतात ना. गुरुवारी. दादा, नवा तळ बसवलेला बूट डोंगर चढून-उतरून आल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. पुरुषांचे बूट मी घालून जातो, बायकांचे तुमची बहीण. तळ सुटायचाच असेल तर आमच्या पायाखाली सुटू दे.

दादा : आणि सगळ्या जगाचे पाय तुमच्याच मापाचे?

बूटवाला : लहान माप असेल तर सोसायचं, मोठं असेल तर मोजे वाढवायचे. मागे एका पैलवानाचे आले होते. पाच मोजे चढवले तरी पाय आत सापडेना. वर गाठलं पावसानं. मग काय, एका बुटात मी बसलो आणि दुसरा डोक्यावर घेतला. थेंब लागला नाही!

बेबी : छत्री होती, दादा. माझी. आणि ती यांच्यावर धरून मी भिजत होते.

दादा : बेबी, तू मध्ये बोलू नकोस. जावईबापू, हे बघा नेमणूकपत्र. आमच्या बुटांच्या कारखान्यात तपासणी विभाग. आठवड्याचे सहा दिवस, डोक्यावर पंखा, म्हातारपणाची सोय. पाच वाजेपर्यंत साहेबांना कळवायचंय. इथे सही करा.

बूटवाला : तपासायला डोंगर आहे?

दादा : यंत्र आहे. लोखंडी पाय असतो, त्यावर बूट चढवतात. लाख वेळा वाकतो तो, दमत नाही.

बूटवाला : आणि उतरताना टाच घासली तर कुणाला सांगतो?

दादा : कोण?

बूटवाला : तो लोखंडी पाय.

दादा : हे बघा, तुमच्याशी वाद घालायला मी रजा टाकून आलेलो नाही. बेबीनं फोन केला म्हणून आलो.

बूटवाला : बेबीनं?

दादा : विचारा तिलाच. म्हणाली, दादा, तुझ्या कारखान्यात काम मिळेल का?

बूटवाला : खरं का गं?

बेबी : खरं. पण...

बूटवाला : नाही, नाही, बरोबर आहे. छप्पर गळतंय, कळतंय मला. तू काही बोलत नाहीस म्हणून मीही... दादा, पेन द्या.

बेबी : अहो, थांबा!

बूटवाला : द्या हो दादा. वाघाच्या तावडीतून सुटलोय मी, साहेबाचं काय घेऊन बसलात.

बेबी : तो बोका होता. आणि ते पेन खाली ठेवा आधी! दादा, मी फोनवर काय म्हणाले होते? शब्द न् शब्द सांग.

दादा : शिलाई विभागात तीन दिवसांची जागा आहे असं ऐकलंय, मला मिळेल का?

बेबी : मग?

दादा : मग मी म्हटलं, तीन दिवसांत काय होणार! साहेबांच्या हातापाया पडून सहा दिवसांची काढली.

बेबी : आणि नाव यांचं घातलंस.

दादा : बायकोनं 'मला' म्हटलं की ते नवऱ्यासाठीच असतं, एवढं कळतं मला. तुझी वहिनी नाही का माझ्यासाठी डॉक्टरांना फोन करत?

बेबी : दादा, मी माझ्यासाठीच मागितली होती. ती जागा आहे का अजून?

दादा : आहे खरी. पण तू? तू कारखान्यात?

बूटवाला : तिला कशाला हवाय कारखाना? आपण मोकळी माणसं. वर गेलं की कुणाचा बाप आपल्याला विचारत नाही.

बेबी : मोकळे तुम्ही. माझ्या पाठीवर पाणी, औषधं, छत्री आणि तुमचे जादा मोजे असतात.

बूटवाला : मला घ्यायला सांगायचंस की!

बेबी : सांगावं लागतं, तेच तर म्हणतेय. त्या बचाव पथकाच्या बुटांची शिलाई कुणी केली होती?

बूटवाला : तू.

बेबी : त्यांनी बर्फातून माणूस जिवंत खाली आणला, एक टाका उसवला नाही. भिंतीवर त्या पथकाबरोबर फोटो कुणाचा आहे?

बूटवाला : माझा. पण त्यात तू आहेस. डावीकडे कोपर दिसतंय बघ.

बेबी : कारखान्यात बुटांच्या प्रत्येक जोडावर शिवणाऱ्याचा शिक्का असतो म्हणे. मला माझा शिक्का हवाय. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारपासून दुकान आणि डोंगर आहेतच. घरखर्चाचीही ओढाताण जरा थांबेल.

दादा : आणि हा माणूस तीन दिवस एकटा राहील? मागे तू आमच्याकडे आलीस तेव्हा काय झालं होतं?

बूटवाला : काही विशेष नाही. दोन्ही डावे बूट घालून निघालो होतो. डावे बूट डावीकडेच नेतात हो! डोंगराला सात प्रदक्षिणा झाल्या, शिखर काही येईना. शेवटी संध्याकाळी मागच्या दारानं घरात शिरलो.

बेबी : हे मात्र खरं असावं. मागच्या दाराची कडी अजून मोडलेलीच आहे.

दादा : जावईबापू, पाच वाजत आलेत. काय कळवू?

(बूटवाला नेमणूकपत्राची घडी घालून ते दादांच्या खिशात परत ठेवतो.)

बूटवाला : कळवा की ती येतेय. आणि दादा, शिक्क्यावर पूर्ण नाव घालायला सांगा. नुसतं बेबी नको.

दादा : धन्य आहात दोघं. निघतो मी.

बेबी : राग आला?

बूटवाला : नाही गं. सोमवारी मी गोष्ट कुणाला सांगू, याचा विचार करतोय.

बेबी : मनात साठवून ठेवा. गुरुवारी चढताना ऐकेन. तोवर त्यात वाघ किती वाढतात बघू.

बूटवाला : बरं, सोमवारी डबा मी करून देतो. तुला काय आवडतं डब्यात?

बेबी : बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही हो. थांबा, जरा आठवून सांगते.