सुटीच्या आठवड्यातली रिकामी खुर्ची

...नाही, पण मी म्हणतो, टेबलावर एक हातमोजा टाकला म्हणजे टेबल तुमचं झालं? एकच हं, जोडीसुद्धा नाही! दहा माणसांचं टेबल, त्यावर एक ओला हातमोजा, आणि माणसं कुठं? माणसं डोंगरावर, स्की करतायत! ती येणार दीड वाजता. तोवर आम्ही, सकाळी सहापासून बर्फात फावडं मारणारे, आम्ही आमची चिलीची, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याची, वाटी कचऱ्याच्या डब्यावर ठेवायची आणि उभ्यानं गिळायची. परवा मी तो हातमोजा उचलला आणि बसलो, तर पलीकडून एक बाई ओरडली, 'अहो, तिथं बसलंय कुणीतरी!' कोण बसलंय, बाई? हातमोजा बसलाय? त्याला काय आणू, गरम चॉकलेट?

तुम्हाला सांगतो, फेब्रुवारीतला हा आठवडा आला की मला गाव सोडून पळावंसं वाटतं. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या समस्त शाळा एकाच दिवशी सुटतात आणि समस्त पोरं, पोरांचे आईबाप, आईबापांचे आईबाप, शेजारी आणि शेजाऱ्यांचं कुत्रं, सगळे एकाच रस्त्यानं आमच्या न्यू हॅम्पशायरमध्ये घुसतात. आमचा पिंगरीचा डोंगर तो केवढा? एवढासा! एरवी मंगळवारी माझ्या लिफ्टपाशी, म्हणजे तारेवरून माणसं डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांपाशी, चार माणसं असतात आणि त्यातली दोन माझी नातेवाईक. आणि या आठवड्यात? रांग लिफ्टपासून निघते ती तिकीटघरावरून, संडासावरून थेट गाड्या लावतात तिथवर! संडासापाशी तर दोन रांगा एकमेकींत घुसतात. शपथ घेऊन सांगतो, एक गृहस्थ पाऊण तास उभा राहिला, माझ्या खुर्चीपाशी आला आणि मला विचारतो, 'पुरुषांचं हेच ना?' सुटी यांची, शिक्षा आमची!

आणि प्रश्न काय विचारतात! 'हा बर्फ उन्हाळ्यात कुठं ठेवता?' फडताळात ठेवतो, घडी घालून! 'लिफ्ट खाली कधी येते?' अहो, ती गोल फिरते, ही काय खाली येतेय तुमच्या नाकासमोर! उजवा बूट डाव्या पायात, हेल्मेट मागचं पुढं, आणि पोराला सात थर कपडे घालून, वर चेन ओढून, पट्टे आवळून, स्की पायात अडकवून, रांगेत पाऊण तास उभं करून, अगदी खुर्चीत बसायच्या वेळी ते पोर म्हणतं... बरोब्बर! ओळखलंत! मग ती सगळी वरात उलटी फिरते, मागच्यांच्या स्कींवरून, मागचे त्यांच्या मागच्यांच्या, आणि एक पडला की पत्त्यांच्या बंगल्यासारखे चौदा! आणि हे सगळं कशासाठी? वर जायचं आणि खाली घसरायचं! हेच तर आमच्या घरच्या जिन्यावर फुकट होतं!

हसा, हसा. तुमचं काय जातंय!

आता मी तिथं काय करतो, तर लिफ्ट चालवतो. जुनी लिफ्ट, दोन माणसांची खुर्ची, दर सहा सेकंदाला एक. ती मागून येऊन गुडघ्याच्या मागं फाटकन बसते, म्हणून एकानं खुर्ची हातानं धरायची, जरा दमानं पुढं सोडायची, आणि दुसऱ्यानं रांग लावायची. म्हणजे काम दोघांचं. मी खुर्ची धरायचो आणि रांग लावायचा माझा दादा. लायल. रांग कशी लावायची हे त्यानं शिकवावं! दोन-दोनांच्या जोड्या, मधे एकट्या माणसांची वेगळी रांग, आणि कुणी एकटा आला की त्याला दुसऱ्या एकट्याशी जुळवून टाकायचा. दोन लग्नं झालीत त्याच्या रांगेत! दादाचं एकच म्हणणं, 'कोल्बी, खुर्ची रिकामी जाता कामा नये. रिकामी खुर्ची म्हणजे खाली दोन माणसं उगाच गारठली.'

तर दादा ऑक्टोबरात गेला. रस्त्यात मूस आडवं आलं. घोड्याहून उंच जनावर ते, त्याचे पायच गाडीला लागतात आणि सगळं धड काचेवर येतं. मूस उठलं आणि जंगलात चालत निघून गेलं. दादा नाही उठला.

...असो.

आमच्या डोंगरावर एक रीत आहे. लिफ्टवरचं माणूस गेलं की त्याच्याच लिफ्टवर त्याची एक खुर्ची रिकामी वर पाठवायची. त्याचं जॅकेट पाठीला अडकवायचं, बाकी काही नाही. वर डोंगरावरचे गस्तवाले ओळीनं उभे राहतात, हेल्मेट काढतात, खुर्ची वळसा घालून खाली येते, झालं. भाषण नाही, पाद्री नाही. पण यंदा बर्फ कुठाय? डिसेंबरात पाऊस, जानेवारीत चिखल! आमची लिफ्ट बंद ती बंदच. आणि ती चालू झाली कधी? सांगा, कधी? या आठवड्यात! सुटी यांची, शिक्षा आमची!

आमचा साहेब वेंडल, माणूस वाईट नाही, पण तोंडात कायम पेन्सिल. मला म्हणाला, 'कोल्बी, लायलच्या जागी माणूस घ्यावा लागेल रे. तू एकटा मरशील या गर्दीत.' मी म्हटलं, 'दादाची खुर्ची रिकामी वर गेल्याशिवाय त्याच्या जागी कुणीही उभं राहायचं नाही. उभं राहिलं तर फावडं घालीन.' जरा जोरात म्हटलं. म्हणजे पेन्सिल पडली त्याच्या तोंडातून. मग खाली वाकून ती शोधत म्हणाला, 'बुधवारी बारा वाजता. एक खुर्ची. एकच! पण लिफ्ट थांबवायची नाही, लोक मला फाडून खातील.'

एक खुर्ची! सहा सेकंद! मी काय मागत होतो हो? सगळा डोंगर घ्या, संडास घ्या, टेबलं घ्या, पण माझ्या दादाला सहा सेकंद द्या!

तर बुधवार. आईनं दादाचं जॅकेट दिलेलं. पिवळंधमक, पाठीवर हातभर अक्षरांत 'लिफ्ट'. दादा सव्वासहा फूट, जॅकेट म्हणजे तंबूच. बाराला सात मिनिटं कमी असताना मी ते खाली आलेल्या एका खुर्चीच्या पाठीला अडकवलं, ती खुर्ची वर पोचेतो बारा होणार, अगदी बेतानं सगळं. ती खालच्या चाकाला वळसा घालत रांगेकडं यायला लागली. मी रांगेला हात केला आणि म्हटलं, 'थांबा, ही खुर्ची रिकामी जाणार आहे.'

बस्स! जसं काही मी म्हटलं की तुमची किडनी जाणार आहे!

'रिकामी? पाऊण तास उभे आहोत आम्ही!' 'अहो, आमच्या पोराचा क्लास आहे साडेबाराला!' आणि पुढं एक धिप्पाड बाप, मिशीला बर्फ, हातात कॉफी, कॉफी हं, लिफ्टच्या रांगेत! तो म्हणतो, 'वा रे वा! जॅकेट टाकून जागा अडवता? लाज नाही वाटत?'

तुम्हाला सांगतो, माझं डोकं फिरलं. जागा अडवतो? मी? एक हातमोजा टाकून अख्खं टेबल दाबणाऱ्यांनी मला सांगावं? मी वळलो आणि त्याला म्हटलं... काय म्हटलं ते जाऊ द्या, बायामाणसं बसलीत. तो म्हणाला, 'तुझ्या साहेबाचं नाव काय?' मी म्हटलं, 'तुझ्या कॉफीचं नाव काय?' आता याला काही अर्थ आहे का? पण रागात सुचतं का काही! आणि एवढ्यात, एवढ्यात हं, माझ्या पाठीमागून, एकट्यांच्या रांगेतून बारीकसा आवाज आला. 'एकटी!'

वळून बघतो तर जांभळ्या टोपीतली एक म्हातारी माझ्या दादाच्या खुर्चीत बसून वर निघालेली!

'अहो आजी! उतरा!' म्हणतोय मी. उतरा! बारा फुटांवरून! ती म्हणते, 'का रे बाळा? रिकामीच होती की!'

मी लाल बटणावर हात नेला. पण वेंडलला शब्द दिलेला, थांबवायची नाही. हात तिथंच राहिला. आणि लिफ्ट थांबली! मी नाही हो थांबवली! मागच्या तिसऱ्या खुर्चीत तो मिशीवाला बसायला गेला, कॉफी सांडली, कॉफीमागं तो सांडला, खुर्ची त्याच्यावर अडकली आणि सगळं ठप्प. आणि म्हातारी कुठं अडकली? बरोब्बर ओढ्यावर! तिथं असा वारा येतो की डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच गोठतं. मिशीवाल्याला उठवेतो दहा मिनिटं गेली. मी खालून बघतोय, म्हातारी कुडकुडतेय, इकडं बघते, तिकडं बघते, मग शेजारी बघते... 'नाही आजी,' मी म्हणतोय, 'नाही, नाही, नाही...' तिनं खुर्चीवरचं जॅकेट काढलं आणि घातलं.

मी वायरलेस उचलला. वर ट्रिना, गस्तवाल्यांची मुख्य. 'ट्रिना, ऐक, घोटाळा झालाय...'

'कोल्बी, शांत राहा रे,' ट्रिना म्हणाली. 'आम्ही सगळे उभे आहोत. हेल्मेट काढलीत. पाठव त्याला.'

लिफ्ट सुरू झाली. मी डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. मग वायरलेस खरखरला.

'कोल्बी.'

'बोल.'

'लायलनं आम्हाला हात केला.'

मी डोळे उघडले नाहीत.

'कोल्बी, त्याला लिपस्टिक आहे.'

मी वेंडलला हाक मारली, खुर्ची त्याच्या हातात दिली आणि लिफ्टच्या मोटारीच्या खोलीमागं जाऊन बर्फाला लाथा घातल्या. काय उरलं हो? एवढं एक करायचं होतं दादासाठी, आणि त्यातसुद्धा ही माणसं येऊन बसली! तुम्ही म्हणाल, पोरगं रडलं असेल. तर हो, रडलो! नाकातलं पाणी मिशीत गोठलं आणि मिशी तर धड फुटलीसुद्धा नाही अजून!

किती वेळ बसलो माहीत नाही. पण मग लक्षात आलं, आवाज येत नाहीये. म्हणजे रांगेचा तो कलकलाट, तो 'अहो सरका', ते पोरांचं भोकाड, काहीच नाही. नुसता खुर्च्यांचा आवाज. खट... खट... खट. पुढं येऊन बघतो, तर म्हातारी स्की करत खाली आलेली, गुडघ्यापर्यंत पिवळं जॅकेट, पाठीवर 'लिफ्ट', आणि ती रांगेच्या तोंडाशी उभी!

'दोन-दोन, दोन-दोन! ए निळ्या टोपीवाल्या, बायकोशी भांडण वर जाऊन कर! तू एकटा? तूही एकटी? चला, जोडी झाली, बसा! अगं, पोराला आधी संडासात ने, मग रांगेत आण, तुझी जागा मी धरते!' आणि लोक ऐकत होते! मॅसॅच्युसेट्सचे लोक! तो मिशीवाला मान खाली घालून मागं जाऊन उभा राहिलेला!

वेंडल खुर्च्या धरत तोंडातली पेन्सिल चघळत होता. मला म्हणाला, 'लोक तिला विचारायला लागले, जॅकेट बघून. तिला वाटलं, उत्तर द्यायला हवं.' आणि खुर्ची माझ्या हाती देऊन निघून गेला.

मी तिच्यापाशी गेलो. 'आजी, ते जॅकेट काढा.'

'अरे हो, तुझंच ना? मी कॉनी. वूस्टरची. चाळीस वर्षं शाळेच्या बसवर होते, रांग बघितली की राहवत नाही मला. खिशात खोकल्याच्या गोळ्या होत्या, त्यातल्या दोन खाल्ल्या, चालेल ना?'

'माझं नाही. दादाचं आहे.'

'मग त्याला सांग, उबदार आहे हो. कुठाय तो?'

'नाही तो.'

'आज आला नाही?'

'नाही म्हणजे... नाहीच.'

 तिच्या तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. रांग लावायची राहिली. माझं खुर्ची धरायचं राहिलं. आणि आमच्या दोघांच्या मधून एक खुर्ची खट करून पुढं गेली. रिकामी.

रांग ओरडली, 'ए, रिकामी गेली! रिकामी गेली!'

म्हातारीनं मान वळवून एवढंच म्हटलं, 'तोंडं मिटा.' मिटली!

वर कुणी हेल्मेट काढलं नाही. ट्रिनाची माणसं जेवायला गेलेली. त्या खुर्चीवर जॅकेट नव्हतं, काही नव्हतं, कुणाला कळलंसुद्धा नाही. मी बघत राहिलो. ओढ्यावरून गेली, सरळ गेली, झाडांमागं दिसेनाशी झाली.

चारला लिफ्ट बंद झाली. वेंडल आला, माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, पेन्सिल तोंडातून काढली. मी म्हटलं, 'माझ्याकडं काय बघता? फावडं आत ठेवलंय.'

म्हातारीनं जॅकेट काढलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं. मग म्हणते, 'उद्या किती वाजता येऊ रे?'

वूस्टरची! मॅसॅच्युसेट्सची! आणि दादाच्या जागी!

...म्हटलं, 'साडेसातला. पण सहालाच पोचा आजी, सुटीचा आठवडा आहे, मेली गाडी लावायला जागा मिळत नाही.'