शेवटच्या पानावरच्या चार ओळी

खटक्-धप्प, खटक्-धप्प... अहो, पायानं चालवायच्या छापयंत्राचा आवाज तो, चौपन्न वर्षं झाली तरी कानातून जात नाही, आणि परवा त्या हक्कांच्या कचेरीत वकीलबाई मला विचारते, "आजोबा, त्या दिवशी तुम्हाला नेमकं काय ऐकू येत होतं?" आता काय सांगायचं? यंत्र थांबलं तेव्हाची गोष्ट आहे ना सगळी! थांबलेल्या यंत्राचा आवाज कसा काढून दाखवू? समोर लवाद म्हणून बसलेले साहेब घड्याळ बघतायत, शेजारी माझी मुलगी नखं खातेय, चौपन्न वर्षांची बाई, नखं खातेय! आणि हे सगळं कशापायी? चार ओळींपायी. चार ओळी हो, मोजून चार!

थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल म्हातारा भरकटला. पहिल्यापासून सांगतो. मी छापखान्यात खिळे जुळवायचो. खिळा म्हणजे शिशाचं एक अक्षर. ते खणातून उचलायचं, पट्टीत उलटं बसवायचं, त्याच्या शेजारी दुसरं, की झाली ओळ. शाळा माझी चौथीपर्यंत, पण उलटं वाचायला मला आजही चष्मा लागत नाही, सुलटंच जरा अडखळतं.

तर आमच्याकडे एका कवीचं पुस्तक आलं. कविराज म्हणायचो आम्ही त्यांना. भला माणूस, पण विसराळू किती? एकदा छापखान्यातून निघाले ते माझ्या चपला घालून, आणि दुसऱ्या दिवशी मालकांना म्हणतात, "तुमच्या जिन्यानं माझे पाय सुजले बरं का." तुम्हाला सांगतो, त्या कविराजांना आभाळ फार आवडायचं. पानोपानी आभाळ! सकाळचं आभाळ, एकटं आभाळ, कोवळं आभाळ... माझ्या खणातले 'ळ' संपत आले हो! आणि नेमकी त्याच आठवड्यात बायको तापानं दवाखान्यात, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून तीन महिन्यांची चिंगी कागदाच्या खोक्यात ठेवून मी कामावर आणलेली. चिंगी म्हणजे हीच, नखं खाणारी. यंत्र चालू असलं की गाढ झोपायची. खटक्-धप्प, खटक्-धप्प, आणि ही ढाराढूर! यंत्र थांबलं की डोळे टक्क उघडे आणि भोकाड. उचलून घ्यावी तर माझे हात कोपरापर्यंत शाईचे. मग काय करणार? लांब उभा राहून गुणगुणायचो, यंत्राच्याच ठेक्यावर...

थांबलं थांबलं यंत्र बाई, तूही आता थांब,
भिंतीवरची सावलीसुद्धा झाली लांब लांब,
शाईनं हे हात काळे, कसं तुला धरू?
झोपेबाई, तूच ये गं, नको उशीर करू.

झालं. एवढंच. चार ओळी हो, मोजून चार! याला काही मोठी विद्या लागत नाही.

आता पुढची गंमत ऐका, गंमत कसली, फासच तो. पुस्तकाचं शेवटचं पान उरलं कोरं. आणि आमच्या मालकांचा नियम एकच, "कोरं पान म्हणजे पडलेला दात! लोक हसतात. भर त्यात काहीतरी!" एरवी आम्ही तिथे फुलाचा ठसा मारायचो, पण तो ठसा त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत अडकलेला. मालक जेवायला गेलेले, चिंगी नुकतीच निजलेली, तोंडात तेच गाणं... हात आपोआप चालले हो! तिसऱ्या ओळीत 'काळे'ला आलो आणि बघतो तर काय, 'ळ'चा खण रिकामा! सगळे 'ळ' आभाळात गेलेले! मग 'काळे'च्या जागी 'ओले' बसवलं. म्हटलं, ओले तर ओले, शाई काय कोरडी असते?

पुस्तक आलं. कविराजांनी शेवटचं पान वाचलं, कपाळाला हात लावला, म्हणाले, "अरे, हे मी कधी लिहिलं?" मालकांना वाटलं, कविराजांनीच मागाहून पाठवलं असणार. आणि मी कोपऱ्यात उभा. बोलणार होतो, देवाशपथ बोलणार होतो! पण कविराजांनी ते दुसऱ्यांदा वाचलं आणि त्यांचे डोळे भरले. म्हटलं, राहू दे. चार ओळी तर आहेत.

दोन वर्षांनी कविराज गेले आणि त्यांची आभाळं लोक विसरले, पण या चार ओळी सुटल्या की हो! नदीपलीकडच्या देशात गेल्या, डोंगरापलीकडच्या देशात गेल्या, दवाखान्यांच्या भिंतींवर गेल्या. एका प्राध्यापकांनी तर त्या 'ओले'वर अख्खं भाषण दिलं! "ओले हात! येथे कवी अश्रू हा शब्द टाळतो!" अहो, कवी कशाला टाळतोय, 'ळ' संपले होते! आणि चिंगीला शाळेत बाईंनी उभं केलं, का? तर घरी ऐकलेलं 'काळे' म्हणाली. घरी येऊन रडली, "बाबा, तुम्ही मला चुकीचं शिकवलंत!" मी काय म्हणालो? म्हणालो, "हो बाळा, चुकलो."

आता या सगळ्यात कायदा कुठून आला? तेच तर सांगतोय! आमच्याकडे नियम असा, की लिहिणारा मेला की पन्नास वर्षं त्याचं लिखाण त्याच्या वारसांचं, मग मोकळं, कुणीही छापा. नदीपलीकडे हीच मुदत सत्तर वर्षं. आणि डोंगरापलीकडे? तिथे सरकारी वहीत नोंद केली असेल तरच हक्क, नाहीतर पहिल्या दिवसापासून सगळ्या गावाचं! म्हणजे बघा, एकच गाणं, इथे मोकळं, पुलावर पोचलं की कैदेत, आणि डोंगर चढला की पुन्हा उंडारायला मोकळं! तर दोन वर्षांपूर्वी आमची पन्नास वर्षं भरली आणि चिंगीनं काय करावं? तिनं त्या चार ओळींचं चित्रांचं पुस्तक केलं. ही चित्रं काढते माझी मुलगी, सुरेख काढते. प्रत्येक ओळीला एक चित्र, मुदत भरायच्या आधीपासून धरून तीन वर्षं खपत होती. शेवटच्या चित्रात एक माणूस लांब उभा आहे, हात मागे धरून. मी विचारलं, "हात मागे का गं?" तर म्हणते, "माहीत नाही बाबा, असंच दिसलं मला." मी संडासात जाऊन रडलो.

पुस्तक छापून, बांधून आलं, आणि त्याच महिन्यात तिन्ही देशांची शहाणी माणसं एका लांब टेबलाशी बसली! म्हणाली, हा काय गोंधळ, पुलाच्या या टोकाला एक कायदा आणि त्या टोकाला दुसरा? सगळीकडे सारखं करा! ठरलं, सत्तर. नोंद नको, फिंद नको, ज्यानं लिहिलं त्याचं, तो मेल्यावर सत्तर वर्षं. चांगलं आहे हो, मी कुठे नाही म्हणतो? पण जे मोकळं झालं होतं त्याचं काय? तर ते पुन्हा कुलपात! मागच्या तारखेपासून! कविराजांचा पुतण्या लगेच कागद घेऊन हजर, "सगळ्या प्रतींचा लगदा करा." लगदा! माझ्या मुलीच्या तीन वर्षांचा लगदा! कशापायी? चार ओळी हो, मोजून चार!

मग मी गेलो वकीलबाईकडे, एकटाच, चिंगीला न सांगता. पोर हुशार, बोलते मात्र यंत्रासारखी. सगळं ऐकलं आणि टेबलावर हात आपटला, "आजोबा! हे तुम्ही लिहिलंत? मग तर प्रश्नच मिटला! पण एक मिनिट... कामाच्या वेळेत लिहिलंत? जुन्या कायद्यानं ते छापखान्याचं. छापखाना कुठाय?" म्हटलं, "तिथे आता बुटांचं दुकान आहे." "म्हणजे ओळी कदाचित बुटांच्या दुकानाच्या... नाही, नाही, नवीन करारानं लिहिणाऱ्याच्याच. तुम्ही मेल्यावर सत्तर वर्षं. तुमचा मृत्यू कधी?" म्हटलं, "अजून व्हायचाय." तर म्हणते, "हो, तीच जरा अडचण आहे, अर्जात ती तारीख लागते."

हसा, हसा. मलाही तेव्हा हसू आलं. पण परवा त्या कचेरीत गेलो आणि हसू गेलं. का? पुतण्यानं सोबत कोणाला आणलं होतं? कविराजांच्या पत्नीला, बाईंना! पंच्याऐंशी वर्षांच्या, काठी टेकत, पांढरी साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत कविराजांच्या हस्ताक्षरातली वही. पुरावा म्हणून आणायला लावली होती बिचारीला. साहेबांनी विचारलं, "आपल्याला या गाण्याबद्दल काही माहिती?" त्या इतक्या हळू बोलल्या की पंखा बंद करावा लागला. म्हणाल्या, "आमची छकुली गेली त्याच वर्षी हे पुस्तक आलं. हे कधी माझ्याशी त्याबद्दल बोलले नाहीत. मग शेवटच्या पानावर मी हे वाचलं. मला वाटलं, आले बोलायला. पुष्कळ वर्षं म्हणायची मी... रिकाम्या पाळण्याजवळ."

आता सांगा! सांगा मला, मी काय करायचं? वकीलबाई खालून माझा पाय दाबतेय, "बोला आजोबा, बोला!" पुतण्या म्हणतोय, "ऐकलंत साहेब? आता लगदा!" आणि चिंगी... ती पुस्तकाचा कोपरा अंगठ्यानं नुसता घासत होती, लहानपणी माझ्या सदऱ्याचं टोक घासायची तसा. इकडे ही, तिकडे त्या. चौपन्न वर्षं गप्प बसायला काही लागलं नाही हो, आणि आता गप्प बसलो तर मुलीचं पुस्तक जातं, बोललो तर त्या माउलीचा नवरा दुसऱ्यांदा जातो! माझा दुसरा पाय टेबलाखाली आपला यंत्र चालवत होता, खटक्-धप्प, खटक्-धप्प...

साहेबांनी पेन उचललं. आणि मी उभा राहिलो. काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो. नुसतं गाणंच म्हटलं, बेसूर, भर कचेरीत. तिसऱ्या ओळीला आलो, "शाईनं हे हात काळे..." आणि पुतण्या खेकसला, "ओले! ओले आहे ते! धड पाठसुद्धा नाही आणि निघाले हक्क सांगायला!"

मी म्हटलं, "काळेच आहे हो. 'ळ' संपले होते."

आणि चिंगीनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकातल्या त्या हात मागे धरलेल्या माणसाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "बाबा," म्हणाली, "मला शाळेत उभं केलं होतं... आणि तुम्ही म्हणालात, चुकलो?"

पुतण्या ओरडतोय, "पुरावा काय? पुरावा!" मी म्हटलं, "वहीत बघा, शेवटची कविता कुठली आहे." तो वहीवर झडप घालणार, पण बाईंनी हात आडवा धरला. स्वतः उघडली. एकेक पान उलटत गेल्या... आभाळ, आभाळ, आभाळ... शेवटचं आभाळ झालं आणि पुढे कोरं पान. त्या कोऱ्या पानावरून त्यांनी तळवा फिरवला. एकदा. मला तेव्हा कळलं हो, ही वही त्यांनी आज पहिल्यांदा उघडली नव्हती. वही तशीच उघडी साहेबांसमोर ठेवली, काठी घेतली आणि बाहेर गेल्या.

साहेबांनी वही पाहिली, पुस्तक पाहिलं, पेन खाली ठेवलं. लगदा रद्द! वकीलबाई नाचायचीच बाकी. चिंगीनं माझा हात दोन्ही हातांत धरला तो सोडेचना. आणि लगेच साहेब म्हणतात, "मात्र आजोबा, लेखक तुम्ही, म्हणजे तुमच्या मुलीनं तुमच्या परवानगीशिवाय छापलं. हे फॉर्म भरा. तीन देशांचे तीन." म्हटलं, "अहो, कायदा एक झाला ना?" म्हणाले, "कायदा एक झाला. फॉर्म अजून व्हायचेत." चार ओळींना तीन फॉर्म! पहिलाच रकाना, लेखकाचं नाव.

मी म्हटलं, "परवानगी माझी लिहा, नाव कविराजांचं राहू द्या." साहेब म्हणाले, "असा रकाना नाही." वकीलबाईनं तिन्ही फॉर्म उलटेपालटे करून पाहिले. "खरंच नाही आजोबा. कुठल्याच देशात नाही."

तो फॉर्म घेऊन मी बाहेर व्हरांड्यात आलो. बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. म्हटलं, "बाई, हा रकाना... तुम्ही सांगाल ते नाव घालतो. त्यांचं सांगा, त्यांचं घालतो. मला काही नको. चार ओळी तर आहेत." त्यांनी फॉर्मकडे पाहिलंच नाही. काठी भिंतीला टेकवली, माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. नखांच्या कडेला शाई आहे अजून, ती काही जात नाही. कवीच्या बोटाला शाई लागते हो, हात काळे होत नाहीत त्याचे. एवढं बघितलं त्यांनी, हात सोडला, काठी घेतली.

आयुष्यभर कोरी जागा दिसली की भरली मी. आता फॉर्म हातात, पेन हातात, रकाना कोरा, मागून साहेब ओरडतायत, "आजोबा, काय नाव लिहू?" आणि मी म्हणतोय, "थांबा, बाई सांगतायत..."

आणि बाई जिना उतरून गेल्या.