अडीच फुटांचा कठडा

—नाही, नाही, आधी तो पाना खाली ठेव. ठेव म्हणतो ना नकुल! जॅकला हात लावायच्या आधी हँडब्रेक — नागपुरात कुणी सांगितलं नाही हे तुला? आणि स्टेपनी-स्टेपनी काय लावलंयस — इथे स्पेअर म्हणायचं, डिकीला बूट म्हणायचं, नाहीतर मदतीला फोन केलास तर पलीकडच्या माणसाला कळायचं नाही तुझं नक्की काय फाटलंय. हसू नको. हं, आता नट सैल कर — पण गाडी उचलायच्या आधी, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच — पाय दे पान्यावर, टाक अंगाचं वजन, घाबरतोस काय. सुटला? बघ, येतंय की. मलाही येत नव्हतं रे. तीस वर्षं इथे लंडनच्या कडेला, पिनरमध्ये काढली, ऑफिसात आकड्यांचे डोंगर उपसले, पण चाक म्हणजे गोल असतं यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. आणि आता बघ — नवीन आलेला कुठलाही मराठी पोरगा असो, जुनी गाडी घेतली की त्याला मी इथे, माझ्या ड्राइव्हवेत उभा करतो. सुचेता, तुझी काकू, म्हणायची, भरला का तुमचा क्लास. आता नाही म्हणत ती काही.

तर पहिला धडा झाला. आता दुसरा, आणि हा खरा — हे जे शिकलास ना, ते मोटरवेवर करायचं नाही. कधीच नाही. काय बघतोयस असा? मग शिकवलं कशाला, असंच ना? गल्लीत करायला शिकवलं बाबा, सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये करायला शिकवलं. मोटरवेवर चाक बदलत बसणारा माणूस शूर नसतो, गाढव असतो. आपल्याकडे काय करतात, गाडीमागे चार दगड मांडायचे, झाडाची फांदी तोडून ठेवायची आणि एकाने टॉवेल हलवत उभं राहायचं — इथे यातलं काही चालत नाही. तुझा तो लाल त्रिकोणसुद्धा नाही. साध्या रस्त्यावर ठेव खुशाल, पण मोटरवेवर तो ठेवायला गेलास तर त्रिकोण राहील आणि तू जाशील.

मग करायचं काय? सांगतो, बोटं मोज. डावीकडे घ्यायची गाडी, जितकी जाईल तितकी, चाकं डावीकडे वळवून. हॅझर्ड लाइट्स. मग उतरायचं ते डाव्या दाराने — तू ड्रायव्हर असलास तरी डाव्या दाराने, गिअरवरून सरपटत का होईना. सगळ्यांनी. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी, काय समजलास? आणि कठड्यापलीकडे जायचं, गवतात, मग फोन. कुठे कुठे गाडी थांबवायची ती कडेची पट्टीच काढून टाकलीय हल्ली, तिथे नारंगी रंगाने रंगवलेली थांबायची जागा येईपर्यंत रेटायची गाडी, रिम गेलं तरी चालेल. आणि मधल्याच लेनमध्ये बंद पडली, उतरणंच धोक्याचं असलं, तर मात्र पट्टा लावून आत बसायचं आणि पोलिसांना फोन, नाइन-नाइन-नाइन. पण कडेला पोचलास की आत कुणी बसायचं नाही. थंडी आहे, पाऊस आहे, बाळ झोपलंय, आईचे गुडघे दुखतात — काही नाही. सगळे बाहेर.

आई उद्या किती वाजता उतरतेय तुझी? अकरा. म्हणजे हीथ्रोहून निघायला साडेबारा-एक, वॉटफर्डला घरी दोन. पहिल्यांदाच येतेय ना? काय नेसून येईल? अरे विचारतोय त्याला कारण आहे. साडीच ना? विमानात पंजाबी ड्रेस घालते म्हणतोस — बरं. पण परतीला? देवळात जाताना? कुणाकडे हळदीकुंकवाला? मग साडीच. बरं, इकडे ये. ही फळी बघितलीस? या कचऱ्याच्या दोन बिन्सवर आडवी टाकलीय ती. सगळे विचारतात, काका, रंगकाम काढलंय का? रंगकाम कसलं. अडीच फूट आहे ही जमिनीपासून. मोटरवेच्या कडेला तो पत्र्याचा कठडा असतो ना, तेवढी. सर्व्हिस स्टेशनच्या बाहेर वळणावर तसाच एक आहे, तिथे टेप घेऊन गेलो होतो मी, लोकांना वाटलं कौन्सिलचा माणूस आला. अडीच फूट, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याहूनही कमी. ओलांडून दाखव. हं — झालं! तुला काय, दोन सेकंद. परवा घेऊन ये आईला. माझ्यासमोर नाही, नाही, मी आत जाऊन बसेन, तुम्ही दोघंच. निऱ्या हातात धरायच्या, आधी फळीवर बसायचं, मग एक पाय, मग दुसरा. करून घे तिच्याकडून. तिला सांग इथली पद्धत आहे, व्हिसाची अट आहे असं सांग, काय वाट्टेल ते सांग. पण करून घे. वचन दे मला.

असं का बघतोयस? ऐकलं असशीलच की तू. मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या सासूबाई. तीन वर्षं होतील येत्या मार्चला. कस्तुरीचं — आमच्या मुलीचं — डोहाळजेवण होतं नॉर्थॅम्प्टनला. सुचेता आदल्या दिवशीच पुढे गेली होती, वाट्या, फुलं, ओटीचं सामान, सगळं घेऊन. मी आणि सासूबाई शनिवारी सकाळी निघालो. त्यांनी ठेवणीतली पैठणी काढली होती, पणतवंडाच्या ओटीला म्हणून, मोरपंखी. मागच्या सीटवर बसल्या होत्या काठ सावरत, कधी नव्हे त्या खुशीत. वॉटफर्ड मागे टाकून दहा मिनिटं झाली असतील आणि मागचं डावं चाक बसलं. कडेला घेतली मी गाडी. बरोबर घेतली — अगदी आता सांगितली तशीच. हॅझर्ड लावले, डाव्या दाराने उतरलो. आणि सासूबाईंना म्हटलं, आई, उतरा, पलीकडे जायचंय. तीनदा सांगितलं मी त्यांना. तीनदा! पण त्या पैठणीत, जावयासमोर, पाय वर करून कठडा ओलांडायचा — अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, सदाशिव पेठेतली — नाही म्हणजे नाहीच उतरल्या. मग तो लॉरीवाला आला, कडेच्या पट्टीवर आला सरळ. डुलकी लागली म्हणे. मी कठड्यापलीकडे होतो म्हणून वाचलो. इन्क्वेस्टला, म्हणजे मृत्यूची कोर्टात चौकशी होते ना तिथे, कॉरोनर म्हणालासुद्धा, यांनी नियम पाळला. लोक अजून म्हणतात, पुरुषोत्तमराव, तुम्ही नियम पाळलात म्हणून आज दिसताय.

काय? काय म्हणालास?

चाक कोण बदलत होतं — हो, म्हणजे — नट सैल केलेले सापडले ना त्यांना, चार. पेपरात आलं होतं का ते? सुचेताच्या तोंडून? नाही? मग तू कशावरून — अच्छा, मी आत्ताच म्हणालो, चाक बदलत बसणारा गाढव. बरोबर आहे. हुशार आहेस. हो, मी बदलत होतो. बदलायला घेतलं होतं. आता ते कशाला घेतलं विचारशील. सांगू? हसशील तू. आमचं लग्न ठरलं तेव्हा या सासूबाई त्यांच्या बहिणीला म्हणाल्या होत्या — मी जिन्यात होतो, मला ऐकू आलं — म्हणाल्या, मुलगा हुशार आहे गं, पण हाताने काही करणारा नाही, खिळासुद्धा ठोकता यायचा नाही. बस, एवढंच. विसरूनही गेल्या असतील त्या. मी छत्तीस वर्षं विसरलो नाही. आणि त्या दिवशी चाक बसलं तेव्हा मला वाटलं, चला, आज बघू दे म्हातारीला. आदल्याच आठवड्यात फोनवर व्हिडिओ बघितला होता मी, कसं बदलायचं त्याचा. डाव्या बाजूचं तर चाक आहे, गाड्या उजवीकडून जातायत, पंधरा मिनिटांचं काम. त्याच म्हणाल्या होत्या, पुरुषोत्तमराव, कुणाला तरी बोलवा ना. त्या म्हणाल्या. मी नाही.

चार नट सुटले. पाचव्याला कुलूप असतं, लॉकिंग नट, त्याची वेगळी चावी — तुझी कुठे आहे? ग्लव्ह बॉक्समध्ये? बघून ठेव आजच. माझी नव्हती. गाडीची साफसफाई करते सुचेता, तिने कुठेतरी उचलून ठेवली असणार, म्हणून तिला फोन लावायचा, तर त्या ट्रॅफिकच्या आवाजात काय ऐकू येतंय डोंबल. म्हणून मी कठडा ओलांडून पलीकडे गेलो, खाली, गवतात. फोन करायला गेलो रे. नियम कसला पाळतोय मी! आणि सुचेताचा फोन बिझी. पुन्हा लावला, बिझी. मला राग आला तिचा, ऐन वेळी कुणाशी गप्पा मारत बसलीय. तिसऱ्यांदा लावत होतो तेव्हा मागे आवाज झाला. पुढचं नाही सांगत.

आठवड्याने पोलिसांनी आईंची पर्स दिली, प्लास्टिकच्या पिशवीत. फोनची काच तडकली होती, पण चालू होता. शेवटचा कॉल बघितला मी. सुचेता. चार मिनिटं. आता कळलं बिझी का होता? मायलेकी बोलत होत्या. चार मिनिटं काय बोलल्या असतील? पैठणीचं, कस्तुरीच्या मळमळीचं? की — तुझा नवरा चाक बदलतोय गं, आणि मला म्हणाला, बसा? मी तशीच पिशवी सुचेताच्या हातात दिली. तिने कपाटात ठेवली. इन्क्वेस्टला मी शपथेवर म्हणालो, आय टोल्ड हर थ्री टाइम्स, आणि ती दुसऱ्या रांगेत बसली होती, मांडीवर हात ठेवून. मी लोकांना सांगतो, तीनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, आणि ती त्या लोकांच्या कपात चहा ओतत असते. एकदा तरी ओरड म्हणावं. एकदा तरी म्हण, खोटं बोलताय. नाही. भाजीला काय आणू, बिन्स उद्या बाहेर ठेवायच्यात, एवढंच बोलणं. नातू येतो तेव्हा हसते, तोही गेला की पुन्हा तेच. आता हे असंच चालायचं, आमच्यातलं कुणीतरी जाईपर्यंत.

तसा आकडा खरा आहे हो. तीनच वेळा. विचारत मात्र त्या होत्या. गाडी थांबल्या थांबल्या म्हणाल्या, मी उतरू का? मी म्हटलं, बसा आई, थंडी आहे. दुसरा नट सुटला तेव्हा दार अर्धं उघडून — उतरू का हो, गाडी हलतेय सगळी, भीती वाटते. बसा. आणि मी कठडा ओलांडून पलीकडे गेलो तेव्हा दार उघडून हाक मारली त्यांनी, मी पण येऊ का तिकडे? पाय बाहेर काढला होता त्यांनी, निऱ्या मुठीत धरलेल्या. बाई तयार होती रे. लाज त्यांना नव्हती, लाज मला होती! सासूला हात कसा द्यायचा, तिच्या साडीकडे बघायचं कसं, कमरेला धरावं लागलं तर — रस्त्याने जाणारे बघतील, आणि एवढं करून चाक तर अजून निघालेलंच नाही. म्हटलं, नको, तुम्हाला नाही जमायचं, दोन मिनिटं बसा. फोन कानाला होता माझ्या. त्यांनी पाय आत घेतला, दार लावून घेतलं. जावयाने सांगितलं ना, मग काय. अडीच फूट रे. नुसता हात पुढे करायचा होता.

हे मी कुणाला — हे तू कुणाला सांगायचं नाही. मीही का सांगत बसलो तुला कोण जाणे, तुझी आई येतेय म्हणून असेल. नको, काही बोलू नको. चुकून झालं, वेळ आली होती, असलं काही बोलू नको, सगळं म्हणून झालंय माझं मलाच. तो पाना दे इकडे. पुस हात, चिंधी त्या बादलीत आहे.

आलो गं! आलो! — चहा झालाय, हाक मारतेय ती. तू हो पुढे, मी हे आवरून येतो. आणि नकुल — ऐक. ती विचारेल तुला. मला कधी काही विचारत नाही, पण इथून आत गेलेल्या प्रत्येक पोराला विचारते, कप पुढे ठेवला की अगदी सहज — एवढा वेळ काय सांगत होते रे काका? आणि मग उत्तर येईपर्यंत तशीच उभी राहते, किटली हातात घेऊन. टायरचं सांगत होते म्हण. तेवढ्यावर नाही हलली, आईंबद्दल काही बोलले का म्हणाली, तर — तर सांग, हो, बोलले. तीनदा सांगितलं होतं त्यांनी, असं म्हणाले. जा आता. चहा गार होतोय.