बाबाच्या डाव्या हाताचा ठोका

नाशिकच्या बसस्थानकावर पेठच्या बसला रांग लागली होती. यमुनाबाईंनी झेंडूची रिकामी पाटी काखेत धरली होती. मागचे दोघे बोलत होते; नको म्हटलं तरी कानावर पडत होतं.

"हिरामण, लॅपटॉपवर गाणी बनवायचं शिकत होतास ना? जमतंय का?"

"जमायला लागलंय रे. तेच वाईट झालं."

"वाईट कसं?"

"बाबा गेला त्याच्या आदल्या दिवाळीत त्याचं संबळ मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. शिकायला पहिलं तेच घेतलं. एक बटण हाय, दाबलं की मागंपुढं झालेले ठोके सरळ रेघेवर येतात. मला वाटलं, म्हातारा चुकतोय. दाबलं."

"मग?"

"त्याचा डावा हात जरा मागून यायचा. लग्नात नाचणाऱ्यांचे पाय त्या ठोक्यावरच पडायचे. आता कान तयार झाला, आता कळतंय."

"पहिलं लाव ना परत."

"त्याच्यावरच सेव्ह केलं. मोबाइलमधलं आधीच पुसलेलं."

"दुसऱ्या कुणाकडं असंल की."

"नाय. सगळ्यांकडं विचारलं."

यमुनाबाईंनी मान वळवली नाही. बस आली, तरी त्यांचा पाय उचलेना.

"मग तूच सरकव ना ठोका मागं. येतं ना आता?"

"सरकवला. दोन महिने तेच करतोय. परवा लय भारी बसला. आईला ऐकवला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, चांगलं वाजवतोय. कुठला हाय हा?"